सोपानअण्णांची निळी

एसटीत कंडक्टरला मास्तर म्हणतात. मी बाई असले तरी सोपानअण्णा मला मास्तरच म्हणायचे. भोर डेपोत मी नवीन लागले आणि पहिल्याच दिवशी त्यांच्या गाडीवर माझी ड्युटी पडली, भोर-वेल्हे. मी भीत भीत केबिनपाशी गेले आणि म्हणाले, "अण्णा, मी नवीन आहे. काही चुकलं तर सांगा."

ते समोरची काच पुसत होते. मागं न बघताच म्हणाले, "मास्तर, तुमी तिकिटं फाडा, म्या गाडी हानतो. येकमेकाच्या कामात नाक घालायचं न्हाई." आणि नसरापूर येईपर्यंत त्यांनी माझ्या कामात इतक्या वेळा नाक घातलं की शेवटी मागच्या सीटवरची म्हातारी म्हणाली, "डायवर, बाईला करू दे की तिचं काम!"

अण्णा वरवे बुद्रुकचे. उंच, खांदे थोडे पुढं झुकलेले, शर्टाच्या खिशात कायम फुटाणे. सकाळी गाडीत चढायच्या आधी गाडीला पूर्ण फेरी मारायचे, प्रत्येक टायरवर तळव्यानं थाप द्यायचे आणि म्हणायचे, "चल बाई." मेंढरांचा कळप आडवा आला तर हॉर्न मारायचे नाहीत, इंजिन बंद करून फुटाणे खात बसायचे. लोक ओरडायला लागले की म्हणायचे, "ती बी घरीच निगालीती."

आणि वळणांना नावं ठेवायची त्यांना सवय होती. नावं ठेवायची म्हणजे दोष द्यायची नव्हे, खरोखरची नावं. मार्गासनीच्या पुढचं एक वळण 'कढीचं वळण', कारण तिथं एका बाईच्या मांडीवरचं कढीचं पातेलं पुढच्या सीटवरच्या तलाठ्याच्या डोक्यावर उपडं झालं होतं. एक 'मेव्हण्याचं वळण', कारण तिथं अण्णांचा सख्खा मेव्हणा सायकलसकट ओढ्यात गेला होता. आरशातून माझ्याकडे बघत ते ओरडायचे, "मास्तर, कढी आली, लोकास्नी धरून बसायला सांगा." नवखे प्रवासी बिचारे कढी कुठं दिसते म्हणून माना वळवून बघायचे.

मशीन म्हटलं की त्यांना राहवायचं नाही. वेल्ह्याच्या स्टँडवर जेसीबी उभा असो की भाताची मळणी करायचं यंत्र, अण्णा चहा सोडून त्याच्याखाली वाकून बघत असायचे. पण त्यांच्या डोक्यात खरं भूत शिरलं ते वरंध घाटात.

कधीमधी आम्हाला घाटातली फेरी मिळायची. उन्हाळ्याचे दिवस होते, गाडीत एक लग्नाचं वऱ्हाड आणि थोडे इतर लोक. मागून एक बारीक, चढत जाणारा आवाज आला. अण्णांनी आरशात बघितलं आणि हात बाहेर काढून बाजू दिली. एक स्पोर्ट बाईक आमच्या अंगावरून सळकन पुढं गेली. समोर उजवं वळण होतं. तो पोरगा गाडीसकट असा आडवा झाला की मी "पडला!" म्हणून किंचाळले. पडला नाही. गाडी उभी राहिली, पुढच्या वळणाला दुसऱ्या बाजूला कलली आणि दिसेनाशी झाली.

अण्णांनी बस थांबवली. तिथं ना स्टॉप, ना माणूस.

"काय झालं अण्णा?"

"मास्तर, बगितलं का?" त्यांचे डोळे एवढे मोठे झाले होते. "सारा जलम म्या वळणाशी भांडत आलो. गाडी भाईर पळती, आपन स्टेरिंग धरून आत खेचायची. दंड भरून येत्यात. आन ह्यो गडी भांडलाच न्हाई! वळणाच्या कुशीत शिरला!"

मागून वऱ्हाडातला कोणीतरी ओरडला, "अवो चला की, तिकडं लगीन लागंल!"

त्या दिवसापासून वेल्ह्याच्या थांब्यावर अण्णा मोबाईलवर शर्यतींचे व्हिडिओ बघायला लागले. बघता बघता बाकावर बसल्या जागी कलायचे. शेजारी बसलेला माणूस सरकून जागा द्यायचा, त्याला वाटायचं ह्यांना आडवं व्हायचंय.

ते रिटायर झाले तेव्हा डेपोत शाल-श्रीफळ झालं. साहेबांनी भाषणात विचारलं, "मग आता पुढं काय? शेती?" अण्णा उभे राहिले. "गाडी घेनार हाय." साहेब म्हणाले, "वा, टेम्पो!" अण्णा म्हणाले, "न्हाई. स्पोर्ट बाईक." सगळे पोट धरून हसले, टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेत बसलेल्या अण्णांच्या पत्नी कमलवहिनी तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांना माहीत होतं.

पुण्याला शोरूममध्ये मीही गेले होते, वहिनींनी सोबत म्हणून नेलं होतं. तिथं ती उभी होती, गडद निळी, पुढून एखाद्या गांधिलमाशीसारखी निमुळती. विकणाऱ्या मुलानं भलतं काही विचारलं नाही, अगदी अदबीनं सगळं दाखवलं. विचारत होत्या त्या वहिनीच. मागच्या सीटवर त्यांनी हात फिरवला. "ह्याच्यावर मानसानं बसायचं का जेवनाचा डबा ठिवायचा?" मग काट्यावरचे आकडे बघून, "आवो, येवढं पळून जायाचं कुटं?"

"कुटंच न्हाई गं," अण्णा म्हणाले. त्यांचं लक्षच नव्हतं. त्यांनी पाय टाकला, बसले, हँडलपर्यंत ओणवे झाले. मुलानं बटण दाबलं. आधी एक खाकरल्यासारखा आवाज आणि मग खालून दाटून आलेली घुमघुम. अण्णांनी टाकीवर तळवा ठेवला. मी त्यांना एवढी वर्षं गाडीवर बघितलं होतं, पण असा चेहरा कधी बघितला नव्हता. जत्रेतल्या पाळण्यात पहिल्यांदा बसलेल्या पोराचा असतो तसा.

"मास्तर," ते हळूच म्हणाले, "धडधडतीया, पन थरथरत न्हाई."

पण पळवायची नव्हती. हीच गंमत होती. शोरूमच्या मेकॅनिकनं निक्षून सांगितलं होतं, पहिले काही दिवस इंजिन बसू द्यायचं. काटा अर्ध्याच्या पुढं न्यायचा नाही. एकाच वेगात धरून ठेवायची नाही, कमी-जास्त करत राहायची. सकाळी गरम झाल्याशिवाय हलवायची नाही. आणि टायर नवे आहेत, वरचा तुळतुळीतपणा झिजेपर्यंत ओली जागा, खडी, शेण यांपासून लांब. अण्णांनी हे सगळं ड्युटी मिळाल्यासारखं अंगावर घेतलं.

रोज सकाळी हेल्मेट, जाड जाकीट, घोट्यापर्यंत बूट घालून ते वरव्याहून निघायचे, नसरापूर, मार्गासनी, वेल्हे आणि परत. गाडीचा आवाज चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा. भातखाचरातल्या बायका मान वर न करता म्हणायच्या, "अण्णा आलं." आणि त्यांच्या मागून यायची आमची एसटी. अण्णांच्या जागी गणेश म्हणून तरुण ड्रायव्हर आला होता. एक दिवस कढीच्या वळणाच्या अलीकडं आम्ही त्यांना गाठलं. गणेशला संकोच वाटला, तो मागंच राहिला. अण्णांनी आरशात बघितलं आणि जुन्या सवयीनं हात बाहेर काढून झोकात इशारा केला, जा पुढं. आमची खडखडणारी लाल गाडी त्या निळ्या गांधिलमाशीला मागं टाकून पुढं गेली आणि बसमध्ये अशा टाळ्या पडल्या की विचारू नका.

वेल्ह्यात लोक वाटच बघत होते.

"अण्णा, नवी गाडी बिगाडली का काय?"

"न्हाई. इंजान बसतंय."

"बसतंय का झोपलंय? एसटी म्होरं आली तुमच्या!"

अण्णा चिडायचे नाहीत. हेल्मेट काढून, घामानं चिकटलेले केस सारखे करत समजावून सांगायचे, "नव्या वहाना घातल्या की त्याच दिशी शर्यतीत पळत्यात का? आदी वहान पायाला बसली पायजे. आतलं लोखंड लोखंडाला वळखाया लागलं पायजे. मग बगा." आणि मग गाडीभोवती एक फेरी मारायचे.

पाठ दुखायची, मनगटं सुजायची, इंजिनाच्या झळेनं मांड्या भाजायच्या. वहिनी रात्रीच्या जेवणाआधी तेल लावून द्यायच्या आणि "तुमची निळी" असं म्हणत त्या गाडीचा उद्धार करायच्या. अण्णांना त्याचं काही नाही. रोज काहीतरी नवं सांगायला असायचं. एकदा स्टँडवर मला बघून लांबूनच ओरडत आले. "मास्तर! म्होरलं चाक उचाललं!"

"अण्णा, असले खेळ या वयात?"

"अवो म्या काय बी केलं न्हाई. नुसता शिंकलो! हेल्मेटात शिंक आली, हातात जरा पीळ बसला, तर ही बया दोन पायावं उबी! आन खाली आली तर नसरापूर मागं ऱ्हायल्यालं!" सांगताना ते एवढे हसत होते की पुन्हा शिंकले. मग एकदम गंभीर झाले. "लई ताकद हाय मास्तर. आपल्या एसटीला लाथ घालून उठवाय लागायचं. हिला नुसतं मनात आनलं तरी समजतं. पन आपल्या मनात काय हाय ते आपल्याला तरी कुटं ठावं असतं?"

इंजिन बसत आलं होतं तेव्हा ते पडले.

विंझरच्या पुढं एका वळणावर उजव्या अंगाला मुरमाचा थर सांडला होता. डावं वळण. अण्णांचे हात तीस वर्षं बसवर घडलेले. लांब गाडी डावीकडं घ्यायची तर आधी उजवीकडं मोकळी सोडायची, मागचं चाक कडेला लागू नये म्हणून. त्यांनी तेच केलं. निळी मुरमावर गेली. समोर रस्त्याच्या कडेला पांढरा रंगवलेला दगड होता. त्यांनी त्या दगडाकडे बघितलं, आणि नंतर सांगायचे, मग नजर सुटेचना. हाताला गाडी वळवता येत होती, डोळ्याला येत नव्हती.

आमची बस थोड्याच वेळानं तिथं पोचली. अण्णा रस्त्याच्या कडेला मांडी घालून बसले होते, एका हातानं दुसरा हात पोटाशी धरून. "आदी गाडी बगा," म्हणाले. गणेशनं आणि प्रवाशांनी निळी उचलून एका घराच्या पडवीत नेऊन ठेवली. अण्णांना आम्ही बसमध्ये घेतलं, पहिल्या सीटवर. गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. नसरापूरच्या दवाखान्यापर्यंत ते डोळे मिटून बसून होते. त्या दिवशी त्यांनी एकाही वळणाचं नाव घेतलं नाही.

हाड जुळलं. गाडीचीही मोडतोड दुरुस्त झाली. पण ती गोठ्याशेजारच्या छपरात ताडपत्रीखाली उभी राहिली, आणि अण्णा तिकडं फिरकेनात. आमची बस नसरापूर फाट्यावरून जायची तेव्हा आधी हात करायला तिथं येऊन उभे राहायचे, तेही थांबलं. मी एका सुट्टीच्या दिवशी भेटायला गेले तर ओट्यावर बसून शेंगा फोडत होते.

"दुखतंय का अजून?"

"हाड न्हाई दुखत." आणखी एक शेंग फोडली. "परवा ताडपत्री काढली. हँडल धरलं. तर छपरात बी त्यो दगड दिसाया लागला. मास्तर, उभ्या जल्मात कुनाला खरचटू दिलं न्हाई. आन सोताची गाडी सांभाळता आली न्हाई. इकून टाकतो."

पुण्याकडचा एक तरुण गाडी बघायला आला, त्या दिवशीही मी तिथं होते, वहिनींना कुरडया घालायला मदत करत होते. पोरगा भला होता, आल्याबरोबर पाया पडला. त्यानं ताडपत्री काढली, किल्ली फिरवली, आणि गाडी सुरू होते न होते तोच उभ्या उभ्या रेस पिळली. एकदा, दोनदा. निळी थंड होती, किंचाळली. ओट्यावर अण्णांच्या हातातली शेंग चुरली गेली. ते उठले नाहीत, मान खाली घालून बसले.

उठल्या त्या वहिनी. चिकानं माखलेले हात तसेच घेऊन अंगणात गेल्या.

"ए बाबा, बंद कर. बंद कर आदी!"

पोरानं घाबरून बंद केली.

"निजलेल्या मानसाला असं कानात वरडून उटवत्यात का रं? गरम झाल्याबिगर आमच्यात हलवत बी न्हाईत तिला. आमची गाडी द्यायची न्हाई. चहा घे आन जा."

अण्णांनी मान वर केली. मीही बघितलं. इतके महिने 'तुमची निळी' होती, ती आज 'आमची गाडी' झाली होती. वहिनींच्या ते लक्षातही आलं नव्हतं. पोरगा चहा पिऊन, चांगलं बोलून गेला. मग त्या अण्णांपुढं उभ्या राहिल्या.

"इकायची व्हती तर येवढी जपून बसवली कशाला? मांड्या भाजून घेतल्या, मला तेल लावाया लावलं. चालवाया येत न्हाई ना? मग शिका. लाज कसली? पोरं काय आईच्या पोटात शिकून येत्यात?"

"या वयात मला कोन शिकीवनार?"

तेव्हा मला प्राजक्ता आठवली. वेल्ह्याच्या वरच्या अंगाला धनगरवस्तीवर तिचं घर. शाळेत होती तेव्हा रोज आमच्या गाडीनं यायची. डोंगरावरून दप्तर उडवत पळत यायची आणि अण्णा इंजिन चालू ठेवून थांबायचे. कुणी कुरकुरलं तर म्हणायचे, "पोरगी दिसतीया की, येऊ दे." तीच प्राजक्ता आता पुण्यात लोकांना मोठ्या मोटारसायकली चालवायला शिकवत होती. मी फोन केला. तिनं एवढंच विचारलं, "अण्णा पडले? कुठल्या वळणाला?" आणि रविवारी सकाळी भोरला हजर झाली, स्वतःच्या काळ्या बाईकवर.

निळी टेम्पोत घालून आणली होती. नदीकाठच्या मोकळ्या मैदानात प्राजक्तानं विटा मांडल्या आणि त्यांच्यामधून गाडी न्यायला सांगितली. अण्णांनी पहिलीच वीट उडवली.

"अण्णा, कुठं बघत होता?"

"इटंकडं."

"मग इटंवरच जानार. गाडीला हँडल नसतं अण्णा, नजर असते. इट हाय हे म्हाईत झालं ना, आता तिच्याकडं बघायचं न्हाई. जिथं जायचंय तिथं बघा, तिथं!" तिनं अण्णांची हनुवटी धरून पार पलीकडच्या चिंचेकडं वळवली. ज्या हनुवटीला डेपोतले साहेबही बिचकायचे, ती तिनं सरळ दोन बोटांत धरली.

मग दुसरा धडा. "उजवीकडं वळायचं असंल तर उजवं हँडल हलकं पुढं ढकला."

"काय तरीच! उजवं ढकल्यावर गाडी डावीकडं जाईल की."

"जोरात चालताना न्हाई जात. करून बघा."

त्यांनी केलं. गाडी उजवीकडं कलली आणि सुरेख वळली. अण्णा थांबले, खाली उतरले, पुढच्या चाकाकडं वाकून बघितलं. मग पुन्हा चढले. डावं ढकललं, डावीकडं गेली. हेल्मेटाच्या आतून ओरडण्याचा आवाज आला. "आयला! येवडी वर्सं कुनी सांगितलं न्हाई!"

तरीही काहीतरी अडत होतं. ते कलायचे आणि मध्येच गाडी उभी करायचे. प्राजक्तानं चार-पाच फेऱ्या नुसत्या बघितल्या आणि हात वर केला.

"अण्णा, सारखं आरशात काय बघताय? मागं कोन हाय?"

त्यांनी गाडी थांबवली. हेल्मेट काढून टाकीवर ठेवलं. "सवय गं. जरा कललो की वाटतं मागं उबी मानसं हायेत. कुनाच्या काखंत लेकरू आसंल, कुनाची कढी आसंल. येवड्या जोरात कललो तर पडतील."

प्राजक्ता जवळ गेली, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मग अगदी हळू म्हणाली, "समदी उतरली अण्णा. शेवटचा स्टॉप झाला. गाडी रिकामी हाय."

अण्णांनी हेल्मेट चढवलं, पण निघेनात. मला काय सुचलं कुणास ठाऊक, मी तोंडानंच बेल दिली. टिंग-टिंग.

ते निघाले. चिंचेपाशी जाऊन वळले, आणि ते वळण असं होतं की प्राजक्ता दोन्ही हात डोक्यावर ठेवून ओरडली. निळी नदीकडं कलली होती, अण्णांचं अंग तिच्याबरोबर कलत होतं, आणि मान सरळ पुढं. एक फेरी, दुसरी, तिसरी. आम्ही हाका मारत होतो, ते थांबायचं नाव घेत नव्हते.

पुढं काही रविवार असेच गेले. मग एका सकाळी प्राजक्ता म्हणाली, "चला, पाबे घाट." वरंधात तेव्हा रस्त्याचं काम चालू होतं. आम्ही वेल्ह्यात चहा घेतला. प्राजक्ताच्या मागं मी बसले, पुढं अण्णा. निघताना त्यांनी निळीच्या दोन्ही टायरवर थाप मारली. हवेत गारवा होता, तोरण्याच्या माचीवर ऊन पडलं होतं आणि खाली अजून धुकं होतं.

सपाटीवर त्यांनी पहिल्यांदा काटा अर्ध्याच्या पुढं नेला. इतके दिवस जपून ठेवलेला आवाज एकदम सुटला. पोटातून आलेली गर्जना दरीत गेली आणि समोरच्या डोंगरावरून परत आली. प्राजक्ता वाऱ्यात ओरडली, "बघा, इंजिन कसं बसलंय! लोण्यासारखं!"

पहिलं वळण आलं. अण्णांनी आधी वेग उतरवला, मान आत वळवली आणि गाडी खाली गेली. घसरली नाही, अडखळली नाही, नुसती गेली, पाण्यात मासा वळतो तशी. वळणाच्या मध्यावर आवाज पुन्हा चढला, निळी उभी राहिली आणि लगेच दुसऱ्या बाजूला. डावं, उजवं, पुन्हा डावं. एका ठिकाणी कडेला पांढरा दगड होता. अण्णा त्याच्या बाजूनं निघूनही गेले, त्यांना तो दिसला तरी होता की नाही कुणास ठाऊक. झाडं मागं पळत होती, ऊन-सावली पट्ट्यापट्ट्यांनी अंगावरून जात होती, आणि मी, जन्मभर दांडी धरून उभी राहणारी बाई, प्राजक्ताच्या पाठीला चिकटून लहान मुलीसारखी ओरडत होते.

खिंडीत वर पोचलो तर अण्णा उतरून रस्त्याच्या कडेला उभे होते. हेल्मेट हातात, डोळ्यांतून पाणी, आणि हसणं थांबत नव्हतं.

"मास्तर! आपन कललो की डोंगर कलतोय! समदा तोरना असा आडवा झाल्ता!" त्यांनी दोन्ही हातांनी आख्खा तोरणा आडवा करून दाखवला. "आन वजनच न्हाई! वळनात म्या हायेच न्हाई असं वाटतंय, नुसतं वळन हाय!"

"बास ना अण्णा? घरी जाऊ."

"येकदाच खाली जाऊन येतो."

ते गेले. आवाज उतरत गेला, थोडा वेळ काहीच नाही, मग चढत आला. आले, आमच्यासमोर थांबलेही नाहीत, हात हलवून पुन्हा वळले. प्राजक्ता दगडावर बसून हसत होती. "आता हे जेवायलाच थांबतील," म्हणाली. तसंच झालं.

भाकरी खाताना त्यांनी घाटातल्या वळणांना नावं देऊन टाकली. पहिलं प्राजक्ताचं. एक गणेशचं, कारण तिथं जरा संकोचून जावं लागतं. आणि सगळ्यात वरचं, उलटं फिरणारं, ते कमलचं. संध्याकाळी वरव्याला हे कळल्यावर वहिनींनी विचारलं, "माझं वळान कसलं हाय?"

"लई अवघड," अण्णा म्हणाले.

"मग बरुबर हाय," वहिनी म्हणाल्या, आणि तेलाची वाटी आणायला आत गेल्या.

नंतर माझी बदली झाली. मालकांची नोकरी कराडकडं होती, मीच अर्ज केला होता. जायच्या दिवशी मी नसरापूर फाट्यावर हायवेला उभी होते. अण्णा आले होते. वहिनींनी कुरडयांचा डबा दिला होता, तो त्यांनी माझ्या पिशवीत नीट बसवला, पिशवीची नाडी पुन्हा पुन्हा घट्ट केली. साताऱ्याची गाडी आली. मी चढले, खिडकीची जागा मिळाली. कंडक्टरनं बेल दिली.

गाडीनं वेग घेतला आणि शेजारून आवाज आला. खाली बघितलं तर निळी. अण्णा टाकीवर ओणवे झालेले, बसच्या बरोबरीनं, माझ्या खिडकीखाली. ना पुढं, ना मागं. बसनं वेग वाढवला की तेवढाच वाढवत, उतरवला की तेवढाच उतरवत. जाकिटाची पाठ वाऱ्यानं फुगली होती. हेल्मेटच्या काचेआडचा चेहरा दिसत नव्हता, पण खांदे हलत होते, हसत असणार. बसमधले लोक माझ्या बाजूला जमले. एक लहान मुलगी माझ्या मांडीवर चढून खिडकीला नाक लावून बसली.

कापूरहोळ जवळ आलं. अण्णांनी डावा हात उंच केला, तसाच धरला, आणि मग भोरच्या रस्त्याला लागायला निळी बाजूला झाली. कलली, आणि उसाच्या आड गेली. आवाज मात्र नंतरही बराच वेळ ऐकू येत राहिला.

मुलीच्या आईनं मला विचारलं, "कोण होतं हो ते?"

भाऊ म्हणावं तर भाऊ नाहीत, आणि नुसती ओळख आहे असं म्हणवत नव्हतं.

"आमचे ड्रायव्हर," मी म्हणाले.